पडद्यावरचे नाव : झाडीपट्टीतील तीन चित्रकारांच्या ऑनलाइन ओळखीच्या प्रकल्प नोंदी

6 जुलै 2025

देसाईगंज, म्हणजे आपल्या सर्वांच्या बोलण्यातले वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य केंद्र आहे. दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील गावोगावी शंकरपट (बैलांच्या शर्यती), मंडई (गावच्या जत्रा) आणि त्यांना जोडून रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात. या रंगभूमीवरील नट डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आणि नटांच्या कामाची दखल काही प्रमाणात घेतली गेली. मात्र त्या नटांच्या मागे जो महाल, जे जंगल, जी नदी उभी असते, ती रंगवणाऱ्या माणसाचे नाव हँडबिलावर नसते आणि मंडपात बसलेल्या प्रेक्षकालाही ते ठाऊक नसते. हा प्रकल्प त्या नावासाठी आहे.

माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवताना ज्यांचे काम मी जवळून पाहत आलो, असे तिघे यात सहभागी आहेत. पहिले, नाटकाचे पडदे रंगवणारे काका. दुसऱ्या, एटीडी (कलाशिक्षक पदविका) पूर्ण करून शाळा व अंगणवाड्यांच्या भिंती रंगवणाऱ्या ताई. तिसरे, तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लेकरांच्या पोळ्यासाठी, लाकडी नंदी कोरणारे भाऊ. त्यांच्या नंदींवरील रंगकाम वहिनी करतात, म्हणून या नोंदींत दोघांचा उल्लेख एकत्रच येईल. प्रत्येकाचे काम नावासह, मापासह आणि संपर्कासह कोणालाही सापडेल अशा रीतीने समाजमाध्यमांवर मांडणे, एवढेच काम पोळ्यापासून नाटकांच्या हंगामापर्यंत करायचे ठरवले आहे. फॉलोअर वाढवणे हे उद्दिष्ट मी मुद्दाम ठेवलेले नाही.

पहिल्याच बैठकीत काकांनी विचारले, "पडदा बोलते ना जी, मंग नाव कायले टाका लागते?" त्यांचा हा प्रश्न मला गंभीर वाटतो आणि त्याचे उत्तर वादातून देण्यापेक्षा कामातून द्यावे, असे ठरवले आहे.

13 जुलै

रोवणीचे (धानाच्या लावणीचे) दिवस असल्याने सकाळी कोणालाच वेळ नसतो. दुपारी पावसाने उघडीप दिली तेव्हा काकांचा जंगलाचा पडदा एका राईस मिलच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगला. उघड्यावर टांगणे शक्यच नव्हते, कारण मांजरपाटावर (जाड सुती कापडावर) पावडरचे रंग सरसात (चिकट खळीत) कालवून लावलेले असतात आणि पाण्याचा एक शिंतोडा पडला तरी पिवडी (पिवळा रंग) ओघळून खालच्या हिरव्यात उतरते.

पडदा 20 फूट रुंद आणि 12 फूट उंच आहे. जवळून पाहिले तेव्हा काकांच्या हाताची खरी ताकद कळली. डावीकडच्या सागाच्या झाडाचे पान त्यांनी तीनच फटकाऱ्यांत काढले आहे: आधी गडद हिरव्याचा रुंद फटकारा, त्यावर पिवडीची किनार आणि मध्ये गेरूची बारीक शीर. दहा हातांवरून पाहिले की तेच पान उन्हात हलल्यासारखे दिसते. मंडपातील दिव्यांत रंग फिके पडतात, म्हणून सावल्यांत नीळ जास्त घालावी लागते, हेही त्यांनी ओघात सांगितले. असे ज्ञान कोणत्याही कलाशाळेच्या पुस्तकात मला आढळलेले नाही आणि ते त्यांच्याच शब्दांत लोकांपर्यंत गेले पाहिजे.

छायाचित्र घेताना जे लक्षात आले ते लिहून ठेवतो. ढगाळ दिवसाचा उजेड सर्वत्र सारखा पडतो, त्यामुळे रंग खरे येतात. फ्लॅशने सरसाचे थर चकाकतात आणि मध्ये पांढरा डाग उमटतो. मोबाइल पडद्याच्या मध्याच्या उंचीवर आणि पडद्याला समांतर धरावा लागतो, नाहीतर वरची कड खालच्या कडेपेक्षा आखूड दिसते. त्यासाठी मिलमधील चढायचा लाकडी घोडा मागून घेतला आणि त्यावर चढून छायाचित्रे काढली. जवळून रुंद भिंगाने काढले तर कडा वाकतात, म्हणून शक्य तितके मागे जाऊन काढणे बरे. एका छायाचित्रात काकांना पडद्याशेजारी उभे केले, कारण माणूस दिसल्याशिवाय 20 फुटांचा अंदाज कोणालाही येत नाही.

मूळ छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवली की त्यांचा आकार दाबला जातो आणि बारीक रेषा जातात. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची आणि एक प्रत मेमरी कार्डात ठेवायची, हा नियम सर्वांसाठी केला आहे.

20 जुलै

सगळ्यात अवघड प्रश्न आकाराचा निघाला. इन्स्टाग्राम 2010 मध्ये आले तेव्हा तेथे फक्त चौकोनी छायाचित्र टाकता येत असे. आडवी आणि उभी छायाचित्रे 2015 पासून चालू लागली. आणि 2025 च्या सुरुवातीपासून खात्याच्या मुख्य पानावरील चौकटीही उभ्या झाल्या. मोबाइल हातात उभा धरला जातो, म्हणून सगळी रचना उभ्याकडे झुकत गेली. नाटकाचा पडदा मात्र आडवाच असणार. तो अख्खा दाखवला तर साधारण सात सेंटिमीटर रुंद स्क्रीनवर त्याची जेमतेम चार सेंटिमीटर उंचीची पट्टी दिसते, ज्यात सागाचे ते पान टिंबाएवढेही उरत नाही.

ताईंनी सुचवले की काकांनी खास मोबाइलसाठी उभी छोटी चित्रे काढावीत. सूचना सद्भावनेची होती, पण मला ती पटली नाही. पाहणाऱ्याच्या बोटाला थांबवण्यासाठी चित्रकाराने आपल्या कामाचे मापच बदलले, तर जे काम लोकांना दाखवायला निघालो तेच हातून निसटेल. काकांनाही ती रुचली नाही.

मार्ग असा काढला. एका पोस्टमध्ये 20 पर्यंत छायाचित्रे जोडता येतात; ही मर्यादा पूर्वी 10 होती आणि 2024 मध्ये वाढली. पहिल्या चौकटीत उभ्या आकारात एकच तपशील द्यायचा, सागाचे पान किंवा नदीकाठचा खडक. दुसऱ्या चौकटीत काकांसह अख्खा पडदा द्यायचा. पुढच्या चौकटींत पडद्याचे डावीकडून उजवीकडे क्रमाने केलेले तुकडे द्यायचे, म्हणजे बोट सरकवत जाणारा माणूस पडद्यासमोरून चालत गेल्यासारखा होतो. काकांनी स्वतः बोट फिरवून पाहिले, आणि नदीच्या तुकड्यापाशी थांबून तेथील निळा रंग छायाचित्रात काळपट आला असल्याचे सांगितले. ते बरोबर होते. तो तुकडा पुन्हा काढायचा आहे.

2 ऑगस्ट

खाती उघडली. खात्याचे वापरकर्तानाव देवनागरीत घेता येत नाही, पण त्याखालील नावाच्या रकान्यात देवनागरी चालते आणि शोधात तो रकाना धरला जातो. म्हणून तेथे नाव देवनागरीत आणि त्याला जोडून ‘नेपथ्य चित्रकार’ असे लिहिले. परिचयासाठी 150 अक्षरे मिळतात. काकांचा परिचय असा झाला: ‘नाटकाचे पडदे, मंदिरातील भिंतीचित्रे. मांजरपाट व पावडरचे रंग. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली. मागणीसाठी व्हॉट्सॲप.’ यात ‘कलेचा उपासक’, ‘रंगांचा जादूगार’ अशी विशेषणे घालण्याचा आग्रह त्यांच्या नातवाने केला होता. विशेषणे वाचून कोणी पडदा मागवत नाही. गाव, काम आणि क्रमांक वाचून मागवतो, असे मी त्याला समजावले आणि त्याने ते ऐकले.

खाते प्रोफेशनल प्रकारचे ठेवले आहे. गेल्या महिन्यापासून अशा खात्यांवरील सार्वजनिक पोस्ट गुगलच्या शोधातही येऊ शकतात, त्यामुळे छायाचित्राखालील मजकुराला आता जास्त महत्त्व आले आहे. मजकुरात काय असावे हे नमुन्यासह ठरवून दिले: ‘जंगलाचा पडदा. 20 फूट × 12 फूट. मांजरपाटावर पावडरचे रंग आणि सरस. डावीकडे साग, उजवीकडे मोह, मध्ये नदी.’ त्याखाली दोन-तीन वाक्यांत काकांचे बोलणे, ते बोलले तसेच, त्यांच्या बोलीत. प्रमाण मराठीत घासूनपुसून लिहिले की त्यातला माणूस दिसेनासा होतो.

आपल्या भागात खरा व्यवहार व्हॉट्सॲपवरच होतो. 2018 मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस तिघांच्याही मोबाइलवर बसवले, त्यातील कॅटलॉगमध्ये प्रत्येक कामाचे छायाचित्र, माप आणि किंमत भरली. किंमत लिहावी की नाही यावर बराच वेळ गेला. वहिनींचे म्हणणे होते की किंमत न लिहिल्यास माणूस विचारायला लाजतो आणि तसाच निघून जातो. त्यांचे म्हणणे मान्य झाले. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच व्यवहारात क्रमांक जतन करायची विनंती करायची आहे.

17 ऑगस्ट

पोळा तोंडावर आहे आणि भाऊंच्या अंगणात लाकडाच्या भुश्शाचा थर साचला आहे. तान्हा पोळा नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात. चाकांवरचा लाकडी नंदी ओढत लेकरे दारोदार फिरतात आणि बोजारा (खुशीची भेट) घेतात. भाऊंचे गिऱ्हाईक आतापर्यंत आठवडी बाजारातले होते आणि त्यांची विक्री पोळ्याच्या आधीच्या काही दिवसांतच आटोपत असे. या वेळी कॅटलॉग पाहून पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या आपल्याकडच्याच कुटुंबांनी नंदी मागवले. त्यांच्या लेकरांना पोळा नावाने माहीत होता, नंदी घरात नव्हता. शिंगे पार्सलात मोडू नयेत म्हणून वहिनींनी ती तणसाने (धानाच्या वाळलेल्या काडांनी) गुंडाळली आणि वरून पुठ्ठा लावला. त्या पॅकिंगचे छायाचित्रही टाकले, कारण लांबच्या गिऱ्हाइकाला आधी त्याचीच खात्री हवी असते.

या आठवड्यात एक प्रसंग घडला तो सर्वांसाठी नोंदवणे आवश्यक आहे. स्वतःला लष्करातील अधिकारी म्हणवणाऱ्या एका व्यक्तीने पंचवीस नंदींची मागणी केली, घासाघीस न करता किंमत मान्य केली आणि ‘पैसे जमा होण्यासाठी’ एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. वहिनींनी पिन टाकण्याआधी विचारले, म्हणून रक्कम वाचली. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून भाऊंच्या भिंतीवर लावले आहे. ऑनलाइन प्रसिद्धी शिकवणाऱ्याने हे आधी शिकवले पाहिजे, कारण कलाकाराचा क्रमांक जाहीर झाला की असे संदेश येणारच.

25 ऑगस्ट

तान्हा पोळा पार पडला. तयार नंदी शिल्लक राहिले नाहीत. भाऊंना सांगितले आहे की पुढील महिनाभर नवे काही टाकायचे नसेल तर टाकू नका, पण नंदी घेतलेल्यांकडून लेकरांसह छायाचित्रे मागवा आणि ती वापरण्यापूर्वी आईवडिलांची परवानगी घ्या.

14 सप्टेंबर

ताईंचा विषय रीलचा आहे. भारतात टिकटॉकवर 29 जून 2020 रोजी बंदी आली आणि त्याच जुलैत इन्स्टाग्रामने येथे रील आणले. त्या बंदीने गावाकडच्या कितीतरी कलावंतांचे जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. ताईंच्या एका मैत्रिणीचे रांगोळीचे सगळे व्हिडिओ तेव्हा गेले, कारण मूळ प्रती तिच्याजवळ नव्हत्या. खाते कंपनीचे असते, आपले नसते. म्हणून गिऱ्हाइकांचे क्रमांक वहीत आणि मूळ छायाचित्रे कार्डात, हा आग्रह मी सोडणार नाही.

ताई भिंत रंगवताना स्वतः गाण्यावर हावभाव करत कॅमेऱ्यासमोर येत आणि भिंत मागे राहत असे. तसे केल्याशिवाय कोणी पाहत नाही, असे त्यांना वाटत होते. बाईमाणसाच्या बाबतीत हा दबाव अधिक असतो आणि त्याखाली येणारे शेरे मी वाचले आहेत. ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. आम्ही दोन्ही प्रकारचे रील करून पाहायचे ठरवले. दुसऱ्या प्रकारात ताईंचा फक्त हात दिसतो: अंगणवाडीच्या भिंतीवर खडूने आखलेल्या चौकटी, त्यावर मोराच्या मानेची एकच लांब रेषा, मग निळ्याचा पहिला हात. गाणे न घालता ब्रश भिंतीवर घासल्याचा आवाज, मागून लेकरांचे पाढे. व्यवसायाच्या खात्याला चित्रपटगीतांचा पूर्ण संग्रह तसाही वापरता येत नाही.

हावभावाचे रील जास्त लोकांनी पाहिले. हाताच्या रीलवर कमी लोक आले, पण शेजारच्या तालुक्यातील एका मुख्याध्यापकांनी तेच पाहून शाळेच्या भिंतीचे माप पाठवले. ताईंना कोणता प्रकार चालू ठेवायचा हे त्यांनीच ठरवायचे आहे. मी त्यांना एवढेच म्हटले की तुम्हाला काम कशातून आले ते वहीत लिहीत चला.

त्यांच्या एका पूर्ण भिंतीच्या छायाचित्राखाली कोणीतरी ‘हे एआयने केले का’ असे विचारले होते. ताई दुखावल्या. आता नुसते पूर्ण झालेले चित्र पुरावा म्हणून पुरत नाही. खडूच्या रेषेपासून शेवटच्या हातापर्यंतचे टप्पे दाखवणे भाग आहे.

5 ऑक्टोबर

काकांच्या मूळ प्रश्नाकडे आज परत आलो. एका नाट्यमंडळाने त्यांच्या पडद्याचे छायाचित्र जाहिरातीच्या फ्लेक्सवर छापले आणि त्यावर त्यांचे नाव नव्हते. काका म्हणाले, पैसे देऊन पडदा त्यांनी घेतला, आता तो त्यांचा.

कायदा यात दोन गोष्टी वेगळ्या करतो. 1957 च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कोणी मोबदला देऊन सांगून चित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. म्हणजे मंडळाने छायाचित्र छापणे चुकीचे म्हणता येणार नाही. उलट, काकांनी आपल्याच पडद्याचे छायाचित्र आपल्या खात्यावर टाकण्यालाही उद्या कोणी हरकत घेऊ शकेल. पण कलम 57 प्रमाणे हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाध येत असेल तर दाद मागण्याचा हक्क प्रताधिकार दिल्यानंतरही चित्रकाराकडेच राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून त्याची मोडतोड झाल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी केंद्र सरकारविरुद्ध दावा केला होता आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो याच कलमावर.

म्हणून काकांच्या पावतीवर आता एक ओळ छापून घेतली आहे: ‘पडद्यावर व त्याच्या छायाचित्रासोबत चित्रकाराचे नाव राहील आणि चित्रकारास आपल्या कामाची छायाचित्रे प्रसिद्ध करता येतील.’ व्यवहाराच्या वेळी ही ओळ दाखवण्यात कोणाचाही अपमान नाही.

बाबूराव पेंटरांचे उदाहरण मी काकांना सांगितले. कोल्हापूरचे हे मेस्त्री घराण्यातील कलावंत आपले नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत असत. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि आज लोक त्यांना मेस्त्री म्हणून ओळखत नाहीत, ‘पेंटर’ म्हणूनच ओळखतात. काका बराच वेळ ऐकत होते. नंतर त्यांनी उजव्या कोपऱ्यात, दर्शनी बाजूला, मंडपातून दिसेल एवढ्या चार बोटे उंचीच्या अक्षरांत सही कुठे बसेल, ते खडूने आखून पाहिले.

26 ऑक्टोबर

भाऊबीजेपासून मंडई सुरू झाल्या. नेटवर्क गर्दीत चालत नाही, म्हणून छायाचित्रे रात्री घरी आल्यावर टाकायची. व्हॉट्सॲपचे स्टेटस 24 तासांनी नाहीसे होते. तरीही आपल्या गावांत इन्स्टाग्रामपेक्षा स्टेटसच जास्त पाहिले जाते, म्हणून दोन्हीकडे टाकतो.

16 नोव्हेंबर

खात्यांतील आकडे तिघांसोबत बसून पाहिले. ‘लाइक’ कोणाला किती मिळाले यावरच सगळ्यांची नजर आधी गेली. कितीजणांनी पोस्ट जतन केली आणि कितीजणांनी ती पुढे पाठवली, हे आकडे आमच्या कामासाठी जास्त बोलके आहेत, कारण पडदा मागवणारा व्यवस्थापक लाइक देत नाही, तो छायाचित्र आपल्या भागीदाराला पाठवतो. काकांच्या सागाच्या पानाच्या तपशिलाची पोस्ट या निकषावर सगळ्यांत पुढे आहे. वहिनींच्या नंदींचे आकडे पोळ्यानंतर जवळजवळ शून्यावर आले, आणि ते तसेच असू द्यावे असे माझे मत आहे. हंगामी वस्तू बारा महिने लोकांपुढे मांडत राहिलो तर पाहणारा कंटाळतो आणि करणाराही.

मला चिंता वेगळ्याच गोष्टीची वाटते. काकांचा नातू आता दर तासाला आकडे पाहतो आणि कमी दिसले की आजोबांना सांगतो. आठवड्यातून एकदाच, रविवारी, आकडे पाहायचे असे ठरवून दिले आहे. चार महिन्यांपूर्वी ज्या हाताला कोणाच्या पसंतीची गरज नव्हती, त्याला या आकड्यांची सवय लागता कामा नये.

7 डिसेंबर

एका मंडळाच्या व्यवस्थापकांनी नव्या नाटकाच्या हँडबिलावर ‘नेपथ्य चित्रे’ अशी स्वतंत्र ओळ देण्याचे मान्य केले. त्यांनी काकांचे खाते पाहिले होते आणि पावतीवरील ओळही वाचली होती. दुसऱ्या एका मंडळाने नकार दिला. त्यांना आता छापील डिजिटल पडदेच घ्यायचे आहेत, ते स्वस्त पडतात आणि पावसाने बिघडत नाहीत. हे कारण खरे आहे आणि त्यावर प्रसिद्धीने उत्तर मिळेल असे मी कोणाला सांगणार नाही.

याच बोलण्यातून तातडीचे काम समोर आले. जुने पडदे फाटले किंवा विटले की मांजरपाट धुऊन त्यावर नवा पडदा रंगवतात. काकांचे तरुणपणीचे बहुतेक काम अशा रीतीने त्यांच्याच हाताने धुतले गेले आहे. जे पडदे मंडळांच्या गोदामांत अजून गुंडाळून ठेवलेले आहेत, त्यांची छायाचित्रे हंगाम संपून ते धुवायला निघण्याआधी, म्हणजे होळीपूर्वी, काढायची आहेत. ताई माप आणि नोंदीची वही सांभाळतील, नातू छायाचित्रे काढील, आणि प्रत्येक पडदा कोणत्या नाटकासाठी केला होता ते काका सांगतील. राईस मिलच्या मालकांना शेडसाठी विचारले आहे. धानाची आवक सुरू असल्याने जागा जानेवारीच्या मध्यानंतरच मिळेल.